हाताने घडवलेली सुरी बनवून घ्यायचीय? मग हे आधी वाचा

मी आत्तापर्यंत तीन सुऱ्या कारागिराकडून घडवून घेतल्यात. पहिली फसली, दुसरी बरी निघाली आणि तिसरी आई रोज वापरते, दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही. मला तेव्हा हे सगळं नीट सांगणारं कोणी भेटलं नाही म्हणून क्रमाने लिहितोय, पुण्यातल्या लोकांना तरी उपयोग होईल.

सुरुवात कारागिराकडे नाही, स्वतःच्या ओट्यापाशी करायची. आठवडाभर बघा की घरात काय चिरलं जातं, कशावर चिरलं जातं आणि चिरणारा माणूस सुरी धरतो कशी. आई तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून दाब देते, कांदा असो कोबी असो की सुरण, आणि बाजारातल्या सुरीची पाठ कडक काटकोनात असते, त्यामुळे तिच्या बोटाला चक्क घट्टा पडला होता. पहिल्या वेळी मी यातलं काहीच सांगितलं नाही, मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि अशीच पाहिजे म्हणालो. तशीच मिळाली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची, पाठ ४ मिमी जाड, दिसायला एकदम देखणी, पण गाजरावर ठेवली की गाजर चिरलं जायच्या ऐवजी कडकन फुटायचं कारण एवढं जाड पातं पाचरीसारखं आत घुसतं. स्वयंपाकाच्या सुरीला पाठ २ ते २.५ मिमी पुरते आणि धारेकडे ती अजून पातळ होत गेली पाहिजे. म्हणून फोटो दाखवा, पण काम आधी सांगा.

मग पुठ्ठ्याची सुरी कापा, खऱ्या मापाची. दोन-तीन पुठ्ठे चिकटवून मूठ जाड करा आणि ओट्याशी उभं राहून चिरल्यासारखं करून बघा. मूठ धरल्यावर बोटांची पेरं खाली आपटतात का हे इथेच कळतं, आपटत असतील तर पात्याची उंची वाढवायची. मी ८ इंचाचं पातं सांगणार होतो पण आईने पुठ्ठा हातात घेऊन दोनदा फिरवला आणि म्हणाली, "एवढं लांब नको रे, नळाला लागतंय." ७ इंच केलं. हा पुठ्ठा कारागिराला द्या, दहा फोटोंपेक्षा त्याला जास्त कळतं.

कारागीर दोन प्रकारचे भेटतील. एक पिढीजात लोहार जे विळे, कोयते, कुदळी घडवतात, आणि दुसरे नोकरी सांभाळून किंवा सोडून सुऱ्याच बनवणारे, ज्यांच्याकडे बेल्ट ग्राइंडर आणि छोटी भट्टी असते. (तांबट आळीत जाऊ नका, तिथे काम तांब्या-पितळेचं.) दोघांतही हातात कसब असलेली माणसं आहेत पण दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा, पोलाद कुठलं आणि पाणी कसं देता, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं करता? जुना पाटा हा चांगला स्प्रिंग स्टील असतो पण त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, त्यामुळे नवीन पट्टी घेऊन करणारा असेल तर बरं. ५२१०० म्हणजे बेअरिंगचं पोलाद, त्यात साधारण १ टक्का कार्बन, धार सुंदर धरतं पण गंजतं. गंज अजिबात चालणार नसेल तर ४४०सी सारखं स्टेनलेस मागा.

पाणी देण्याबद्दल जरा थांबून विचारा कारण सुरीचा जीव यात आहे. पोलाद लाल करून तेलात विझवलं की ते कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ पण होतं, फरशीवर पडलं तर तुकडा उडेल. म्हणून नंतर साधारण २०० अंशाला दोन-दोन तास दोनदा शेकतात, त्याला टेंपरिंग म्हणतात. हे कारागिराने न विचारता सांगितलं तर माणूस बरोबर आहे समजा. स्टेनलेसला तापमान अजून काटेकोर लागतं, ते काम भोसरीकडच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडून करून घेतलेलं चांगलं. कडकपणा ५८ ते ६१ एचआरसीच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) आसपास मागा.

डमास्कसच्या लाटांना भुलू नका. दोन पोलादं एकत्र ठोकून मग ॲसिडमध्ये बुडवलं की नक्षी उठते, दिसते सुरेखच, पण नक्षीमुळे सुरी जास्त चालत नाही. घ्यायचीच असेल तर पाठीवर बघा, खऱ्या पात्यात रेषा पाठीवरून पण जातात, वरवर छापलेल्यात नाही.

मुठीला शिसवी किंवा साग मस्त, पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि पितळी रिवेट. कोणी सांबर-चितळाच्या शिंगाची मूठ देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गळून पडलेल्या शिंगाचाही व्यापार चालत नाही. कायद्याचं अजून एक, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. घरगुती, शेतीच्या कामाची अवजारं त्यातून वगळलीत, तरी खंजिरासारखा दुधारी आकार मागूच नका आणि सुरी घरी आणताना गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा.

ठरलेलं सगळं लिहून घ्या: पोलाद, लांबी, पाठीची जाडी, पाठ गोल घासलेली पाहिजे हे, मुठीचं लाकूड, किंमत, तारीख, आणि पातं वाकडं निघालं तर काय. मी निम्मे पैसे आधी देतो, निम्मे सुरी बघून. तारीख पुढे गेली तर चिडू नका, पण मधे पात्याचा फोटो मागा, मूठ बसायच्या आधी बदल करता येतो, नंतर नाही.

हातात आली की पाठीकडून एक डोळा मिटून सरळ आहे का बघा. मग धार वर करून उजेडात धरा, कुठे चमकलं तर तिथे धार बोथट आहे. पिकलेला टोमॅटो सोबत न्या, न दाबता साल कापली गेली पाहिजे. तिथेच करून बघा, लाजू नका.

कार्बन पोलाद असेल तर पहिल्या आठवड्यात पातं निळसर-करडं होतं, घरच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की होते तसंच. ते घासून काढू नका, त्यानेच पुढे गंज कमी लागतो. फक्त चिरून झालं की लगेच धुवायची, फडक्याने कोरडी करायची, सिंकमध्ये टाकून ठेवायची नाही. काही दिवस वापरणार नसाल तर मेडिकलमधल्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा, शेंगदाण्याचं तेल लावू नका, चिकट होतं. आईच्या सुरीचं पातं आता वर्षभराने करडं झालंय आणि तिच्या बोटावरचा घट्टा गेलाय.