क्रूझवर जेवणाची वेळ: ठरलेली की मोकळी?

सोलापुरात रात्री नऊला ताट वाढणाऱ्या घराला क्रूझवरच्या ठरलेल्या वेळेच्या दोन पंगतींपैकी पहिली झेपणार नाही. ती साधारण साडेपाच-सहालाच बसते. ठरलेली वेळ हवी तर दुसरी घ्या, आठ-साडेआठची. फायदा असा, की रोज तेच टेबल, तोच वेटर. कांदा-लसूण नको हे रोज नव्याने सांगावं लागत नाही. (जैन जेवणाची नोंद मात्र बुकिंगमध्येच करा.) बंदरावर संध्याकाळी उशिरापर्यंत फिरायचं असेल तर मोकळी वेळ, म्हणजे हवं तेव्हा जाऊन जेवायचं, ही बरी, पण सात ते आठ टाळा, तेव्हाच रांग लागते. आठ-दहा जणांचा गट असेल तर अ‍ॅपवर आधीच टेबल धरा, नाहीतर दोन ठिकाणी बसवतात. दुसरी पंगत भरली असेल, तर जहाजावर चढल्याच दुपारी डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटा; वेळ बदलून मिळाली तर तेव्हाच.