वॉरंटी उरली आहे का, हे नीट कसं तपासावं

मोबाइल, लॅपटॉप, इअरबड्स, घड्याळ, काहीही असो, वॉरंटी तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात. पण कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणारी तारीख अखेरची मानू नका. बऱ्याचदा ती कंपनीने आपल्या नोंदीवरून लावलेला अंदाज असते. पक्कं बिल हातात असेल तर तो अंदाज दुरुस्त करून घेता येतो, म्हणून आधी बिल शोधा.

बिलावर दुकानाचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख, मॉडेल आणि वस्तूचा सिरियल किंवा आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक) नंबर हवा. ठाणे स्टेशनजवळच्या किंवा वाशीच्या दुकानांत थोडे पैसे वाचवायला ‘कच्चं बिल चालेल’ म्हणून जे एस्टिमेट घेतलं जातं, ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चालत नाही. ऑनलाइन खरेदी असेल तर ॲपमधल्या ऑर्डरच्या नोंदीतून इनव्हॉइस उतरवून घ्या. खोक्यावर चिकटवलेली कुरिअरची पावती म्हणजे बिल नव्हे. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते, तेव्हा घेतल्या दिवशीच फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

आता नंबर. मोबाइलवर *#०६# डायल केलं की १५ अंकी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात आणि बिलावर बहुधा पहिलाच असतो. फोन सुरूच होत नसेल तर खोक्यावरचं लेबल पाहा. खोकं रद्दीत गेलं असेल तर अँड्रॉइड फोनचा आयएमईआय दुसऱ्या यंत्रावरून त्याच गुगल खात्यात शिरून ‘फाइंड हब’ या गुगलच्या हरवलेला फोन शोधायच्या सेवेत मिळतो, आयफोनचा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत. लॅपटॉपचा नंबर तळाच्या स्टिकरवर असतो. डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षरी असतो. स्टिकर घासून गेलं असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पाहा. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की माहितीची खिडकी उघडते. एअरपॉड्सचा नंबर केसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो, तोही इतका बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करूनच वाचावा. ‘नंबर सापडत नाही’ असं उत्तर आलं तर आधी शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत झाली आहे का ते पाहा.

नंबर मिळाला की तो कंपनीच्याच सपोर्ट पानावर टाका. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या वाटेनेही कव्हरेजची माहिती दिसते. सॅमसंगसाठी ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲप आहे. पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून जो पहिला येईल त्यावर फोन करणं ही फसवणुकीची हमखास जागा आहे: पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगतो किंवा ‘नोंदणीसाठी’ ओटीपी मागतो. वॉरंटी तपासायला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

पानावर ‘मुदत संपली’ असं दिसलं तरी लगेच निराश होऊ नका. लॅपटॉप कंपन्यांच्या नोंदीत पुष्कळदा माल वितरकाकडे निघाल्याचा दिवस असतो. तो दुकानात तीन-चार महिने पडून राहिला तर तुमचे तेवढे महिने कागदावर कमी झालेले असतात. ॲपल कंपनी यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्याचा दिवस धरते, त्यामुळे दुकानदाराने आधीच उघडून दाखवलेल्या नगाची मुदत लवकर सुरू होते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: बिलाची प्रत पाठवून खरेदीची तारीख दुरुस्त करून मागणे. हे काम यंत्र बिघडण्याआधी करावं, कारण काही दिवस जातात आणि बंद लॅपटॉप घेऊन काउंटरवर वाद घालण्यापेक्षा मेल पाठवणं सोपं असतं.

उलट, दुकानाने विकलेली वाढीव वॉरंटी कंपनीच्या पानावर बहुधा दिसत नाही. ती बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीची असते आणि मूळ वर्ष संपल्यावर सुरू होते. तिचा प्लॅन नंबर बिलावर किंवा वेगळ्या मेलमध्ये असतो. तक्रारही तिथेच करायची. स्क्रीन फुटल्यावर संरक्षण देणारा प्लॅन हा आणखी तिसरा प्रकार. ‘दोन वर्षांची एक्स्टेंडेड आहे’ म्हणून निश्चिंत झालेल्यांना फुटलेल्या स्क्रीनचे पैसे भरावे लागतात, ते या गोंधळामुळे.

मुदत यंत्राची आणि सुट्या भागांची एकच असेल असंही नाही. फोन एक वर्ष, पण खोक्यातला चार्जर आणि केबल अनेक कंपन्यांत सहाच महिने. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला सहसा एकच.

तारीख बसली तरी यंत्राची अवस्था पाहिली जाते. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात पुष्कळ दावे अडतात ते ओलाव्यावर. फोनच्या आत, बरेचदा सिमच्या खाचेत, पांढरी खूणपट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. ‘आयपी ६८’ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) असलेल्या फोनलाही पाण्याने झालेला बिघाड ॲपल आणि सॅमसंगच्या साध्या वॉरंटीत बसत नाही, जाहिरातीत तो तलावात पोहताना दाखवलेला असला तरी. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका. बोर्डावर गंज धरतो आणि मग प्रश्नच मिटतो. बाहेरच्या कारागिराने उघडलेला स्क्रू, तुटलेलं सील, व्होल्टेज चढून जळलेला पोर्ट ही नकाराची बाकी नेहमीची कारणं. नकार मिळाला तर कारण जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटर देतं त्या कामाच्या पावतीवर) लिहून मागा आणि खूणपट्टीचा फोटो घ्या.

दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेल्या वस्तूंचं वेगळं. लॅपटॉपची वॉरंटी काही कंपन्या इथेही पाळतात. फोनची मात्र विकलेल्या देशापुरती मर्यादित असू शकते. घेण्याआधी मॉडेल क्रमांक तपासा. जुना फोन विकत घेताना मूळ बिल मागा आणि बिल, खोकं, यंत्र या तिन्हींवरचा आयएमईआय ताडून पाहा. शिवाय इंग्रजीत केवायएम ही अक्षरं, जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की नंबर कोणत्या मॉडेलचा आहे आणि तो काळ्या यादीत आहे का हे कळतं. वॉरंटीचं उत्तर इथे मिळत नाही, पण चोरीचा माल ओळखता येतो.

शेवटच्या महिन्यात एकदा सगळं तपासा: बॅटरी, स्पीकर, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट. १२ जुलैला घेतलेल्या वस्तूची वर्षाची मुदत ११ जुलैला संपते. धरली जाते ती तक्रार नोंदवल्याची तारीख, दुरुस्ती झाल्याची नव्हे. म्हणून सुटी किंवा पाऊस आडवा आला तर ॲपवर किंवा फोनवर तक्रार क्रमांक तरी घेऊन ठेवा. प्रत्येक खेपेची जॉबशीट जपा. एकच बिघाड मुदतीत तीनदा नोंदला गेला असेल तर मुदतीनंतरही तुमची बाजू भक्कम राहते.

एवढं करूनही कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात; खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे आयोग अलिबागचा. खारघरला राहून ठाण्यात नोकरी करणाऱ्याने तक्रार ठाण्यातच घालावी, अलिबागची फेरी वाचते.