आवाज कुठून आला ते कळत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळच्या गर्दीत हॉर्न वाजतो आणि दुचाकीवाला आधी भलतीकडेच मान वळवतो. उड्डाणपुलाखाली तर आवाज काँक्रीटवर आपटून चारी बाजूंनी येतो. अशा वेळी दोष गर्दीला दिला जातो, आणि तो काही अंशी खराही असतो. पण बऱ्याचदा दिशा ओळखण्याची आपली सोय आपणच बिघडवलेली असते.

ती सोय कशी चालते, ते आधी पाहू. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला डोक्याला वळसा घालून गाठतो, म्हणून तिथे तो जरा उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा. मेंदू याहूनही कितीतरी लहान फरक टिपतो, म्हणून अगदी समोरच्या आवाजाची दिशा आपण साधारण एका अंशाच्या बारकाव्याने सांगू शकतो. दुसरी खूण जोराची. बारीक, तीक्ष्ण आवाज डोक्यामुळे अडतात आणि पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतात. जाड, खर्जातले आवाज डोक्याला वळसा घालून जातात, त्यांच्यासाठी वेळेतला फरकच कामाला येतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये ही दुहेरी मांडणी केली आणि ती आजही पायाभूत मानली जाते. म्हणजे दिशा कळते ती दोन कानांच्या तुलनेतून. एक कान झाकला की तुलनाच संपली.

गाडीवर एका कानात इअरबड

"एकच लावलाय, दुसऱ्या कानाने ऐकू येतं ना!" हे कॉलेज रोडवर रोज ऐकायला मिळतं. ऐकू येतं, हे खरं. पण मागून येणारी बस डावीकडून काढतेय की उजवीकडून, हे त्या मोकळ्या कानाला एकट्याने सांगता येत नाही. उलट सगळेच आवाज मोकळ्या कानाच्या बाजूने आल्यासारखे वाटतात. गाडी चालवताना दोन्ही कान मोकळे ठेवा, यात तडजोड नको.

हेल्मेटमुळेही बारीक आवाजांच्या खुणा पुसट होतात. म्हणून हेल्मेट काढायचं नाही, आरसे नीट लावायचे.

डोकं स्थिर ठेवून कान टवकारणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती सगळेच करतात. अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने पोहोचतो. तिथे वेळ आणि जोर, दोन्ही खुणा निरुपयोगी. कानाच्या बाहेरच्या भागाच्या वळ्या थोडी मदत करतात. समोरून, मागून, वरून येणारा आवाज त्या वेगवेगळ्या तऱ्हेने घडवतात. पण खात्री हवी असेल तर मान थोडी डावी-उजवीकडे वळवा. आवाज समोर असेल तर एका कानाकडे फरक वाढतो, मागे असेल तर नेमका उलट्या कानाकडे. अँब्युलन्सचा सायरन ऐकून रस्त्यात थबकण्यापेक्षा ही छोटी हालचाल कितीतरी उपयोगी.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी चांगलीच बोचते आणि कानटोपी लागतेच. ती घालून पहाटे गंगापूर रोडला फिरायला जाणाऱ्यांनी रस्ता ओलांडताना कानांवरून ती थोडी वर सरकवावी, कारण त्या वळ्याच झाकलेल्या असतात.

सारख्या पट्टीची बीप

एकाच पट्टीत वाजणारा आवाज शोधायला कठीण जातो. घरात हरवलेल्या फोनची बारीक टिणटिण सगळ्या खोल्यांतून आल्यासारखी वाटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फोर्कलिफ्टच्या रिव्हर्स हॉर्नबाबत तेच होतं, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो. खसखस, खरखर यांसारख्या अनेक पट्ट्या मिसळलेल्या आवाजाची दिशा लवकर कळते. अशा 'फस्स-फस्स' आवाजाचे रिव्हर्स अलार्म मिळतात. शेडमध्ये पत्रे आणि भिंती आवाज परतवत असतील तर अशा अलार्मचाच आग्रह धरा. फोनलाही भरीव रिंगटोन ठेवा.

ढोलाजवळ एकाच कानात बोट

मिरवणुकीत नाशिक ढोल दणाणतो तेव्हा लोक ढोलाच्या बाजूचा कान दाबतात आणि दुसरा उघडाच ठेवतात. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत भिंतींवरून परतलेला आवाज त्या कानालाही तितकाच झोडपतो. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. फोमचे इअरप्लग लावा, तेही दोन्ही कानांत, आणि लांब उभे राहा.

"एक कान चांगला आहे, चाललंय"

शांत घरात एका कानावर खरंच भागतं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र भागत नाही. गोंगाटातून हव्या त्या माणसाचं बोलणं वेगळं काढायला मेंदूला दोन्ही कान लागतात. गालगुंडानंतर मुलाचा एक कान जाऊ शकतो आणि ते घरच्यांच्या बराच काळ लक्षात येत नाही. हाक मारली की मूल भलतीकडे बघत असेल, तर ते दुर्लक्ष करतंय असं समजून रागावू नका. त्याचे डोळे मिटवून डावी-उजवीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजवा आणि बोट दाखवायला सांगा. वारंवार चुकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. घरची ही चाचणी त्या तपासणीची जागा घेत नाही. वर्गात मुलाचा चांगला कान बाईंच्या दिशेला येईल अशी जागा मागून घ्या.

एक कान अचानक बधिर झाला तर कोमट तेल, काडी, हेअरपिन यातलं काहीही कानात घालू नका. मळ असेल असं समजून आठवडाभर वाटही पाहू नका. आतल्या कानाचं नुकसान असेल तर स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा, आणि पहिले दोन आठवडे त्यासाठी फार मोलाचे असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आजी-आजोबांचे दोन्ही कान कमी ऐकत असतील आणि घरात ऐकण्याच्या एकाच मशीनवर बोलणी थांबली असतील, तर तज्ज्ञांना दोन मशीनबद्दल मुद्दाम विचारा. खर्च वाढतो, हे खरं. पण शक्य असेल तर दोन्ही मशीन काही आठवडे वापरून पाहू द्या, आणि ती फक्त शांत खोलीत नको, भाजीबाजारातही लावून पाहा.