अंथरुणावरच्या माणसाचे दात कसे घासायचे

गेल्या पावसाळ्यात आईला पॅरॅलिसिस झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. हॉस्पिटलातून घरी सोडताना गोळ्यांचा कागद दिला, दोन-दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगितलं, व्यायाम दाखवले, पण तोंडाचं कोणीच काही बोललं नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. मदतीला ठेवलेली बाई सकाळी ओला कापूस दातांवरून फिरवायची, आम्हाला वाटायचं झालं तोंड धुऊन. पंधरा दिवसांनी वास यायला लागला म्हणून मी टॉर्च घेऊन तिचा उजवा गाल बोटाने बाजूला केला, तर आत आदल्या दिवशीच्या पेजेची शितं, विरघळत आलेल्या गोळीचा तुकडा आणि हिरडीलगत पिवळट चिकट थर. त्या बाजूला काही अडकलंय हे तिला कळतच नव्हतं. त्या दिवसापासून तिचे दात मी घासतो, आणि आमच्या गोव्यात डिचोली-साखळीकडे बऱ्याच घरांत असं एखादं माणूस खाटेवर आहे म्हणून हे लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, कापसाने किंवा फडक्याने तो थर निघत नाही. ओठ, टाळू पुसायला ठीक आहे, पण दातांना ब्रशच लागतो, अगदी चार दात उरले असले तरी. आणि हे नुसतं वासासाठी नाही. ज्याला नीट गिळता येत नाही, जोरात खोकता येत नाही, त्याची लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, तोंड घाण असेल तर त्या लाळेबरोबर जंतू फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं बघितलं होतं, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ज्यांची तोंडाची निगा रोज नीट ठेवली त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के आणि बाकीच्यांत १९ टक्के. दिवसातून दोनदा दहा मिनिटं देऊन एवढा फरक पडत असेल तर मला तरी हे गोळ्या देण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता बसवायचं कसं, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. उताणं झोपवून ब्रश करायचाच नाही, पाणी सरळ घशात जातं. पाठीला उशा लावून जमेल तितकं ताठ बसवा आणि हनुवटी थोडी खाली छातीकडे असू दे. अजिबात बसता येत नसेल तर कुशीवर वळवा आणि गालाखाली पंचा नि एखादं पसरट भांडं ठेवा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर ओघळतं. आपण समोर खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून वरून ब्रश घातला की ते माणूस वर बघतं, मान मागे जाते आणि ठसका लागतो. माझं सुरवातीचे तीन दिवस हेच चुकत होतं.

ब्रश लहान डोक्याचा आणि सॉफ्ट घ्या, लहान मुलांचा चालतो, आईला मी तोच वापरतो कारण तिचं तोंड फार उघडत नाही. पेस्ट फ्लोराइडची, पण ज्याला थुंकता येत नाही त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रशच्या केसांत दाबून बसवलेली. जाहिरातीत दाखवतात तशी लांब पट्टी लावली तर तोंडभर फेस होतो आणि तो गिळताना गुदमरायला होतं. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट मिळाली तर आणखी बरं, तिला फेसच कमी येतो. ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्या, थेंब गळता नको.

घासण्याआधी हातमोजा घालून तर्जनीने गालाची आतली बाजू चाचपायची, लुळ्या बाजूने आधी, आणि अडकलेलं अन्न गॉजने ओढून काढायचं. पण बोट गाल आणि दात यांच्यामध्ये ठेवा, वरच्या-खालच्या दातांच्या मधे कधीच नाही, चावणं त्यांच्या हातात नसतं. मग ब्रश हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका टेकवायचा, केस थोडे हिरडीकडे वळलेले, आणि जागच्या जागी हलका थरथरवत एकेक दोन दात पुढे जायचं. जोर लावायचा नाही. मी उजवीकडच्या वरच्या दाढांपासून सुरू करून बाहेरून आख्खी फेरी मारतो, मग आतून, मग चावायची बाजू, क्रम रोज तोच, म्हणजे काही सुटत नाही आणि आईलाही पुढे काय येणार ते कळतं. मधेमधे थांबून लाळ बाहेर येऊ द्या, गॉजने टिपा. शेवटी जीभ, मागून पुढे, फार मागे गेलात तर उलटी होते. चूळ भरायला पाणी देऊ नका, गिळायचा त्रास असेल तर चूळ म्हणजे धोकाच, ओल्या गॉजने फेस पुसून घेतला की पुरे. आणि झाल्यावर लगेच आडवं करू नका, थोडा वेळ तसंच बसू दे.

तोंड उघडतच नसतील तर जबरदस्ती करू नका. आधी गालावर हात ठेवायचा, काय करतोय ते सांगायचं, ब्रश दाखवायचा. ओठांवरून ओला ब्रश फिरवला की बरेचदा तोंड आपोआप सैल पडतं. नाहीच जमलं तर अर्ध्या तासाने परत या.

आणि हे माझं अगदी मनापासूनचं सांगणं आहे, एक हात चालत असेल तर ब्रश त्यांच्या हातात द्या. आईचा डावा हात चालतो पण बारीक दांडी तिच्या हातातून निसटायची, मग सायकल दुरुस्तीवाल्याकडून हँडलची रबरी ग्रिप आणली, ब्रशची दांडी तिच्यात कापड गुंडाळून घट्ट बसवली. आता पुढचे दात ती स्वतः घासते, वेळ लागतो, कोपरातून पाणी गळतं, मी फक्त कोपर खालून धरतो आणि मागचं नंतर पूर्ण करतो. जन्मभर विहिरीवर उभी राहून आंब्याचं पान मुडपून दात घासणारी बाई ती, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ब्रश तोंडात गेला तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता.

कवळी असेल तर ती काढूनच ब्रश करा, आणि रात्री कवळी तोंडात राहता कामा नये. धुताना खाली पाणी भरलेलं टमरेल किंवा बादली ठेवा, हातातून सुटली तर फुटत नाही. साधा साबण आणि वेगळा ब्रश वापरा, पेस्टने चरे पडतात, कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. कवळी नाही, दातही नाहीत, तरी हिरड्या, टाळू, जीभ रोज पुसायचीच.

सुरवातीला हिरड्यांतून रक्त येईल, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. घाबरून ब्रश बंद करू नका, सॉफ्ट ब्रशने हलक्या हाताने चालू ठेवलं तर एक-दोन आठवड्यांत बहुतेकदा कमी होतं. पण रक्त थांबतच नसेल, पांढरे डाग पुसून निघत नसतील, एखादा दात हलत असेल तर डॉक्टरला दाखवा, हलणारा दात निसटून घशात जाऊ शकतो. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या सुजून दातांवर चढतात, तेही दाखवा. बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बाजूलाच गोवा डेंटल कॉलेज आहे, न्यायच्या आधी कोणीतरी जाऊन पेशंट खुर्चीत बसू शकत नाही हे सांगून या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश मनाने आणू नका, दातांना तपकिरी डाग पडतात, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

मिशेरीचं वेगळं सांगतो, कारण खाटेवरची म्हातारी माणसं मागतात आणि घरचे दया येऊन देतात. तो भाजलेला तंबाखू आहे, त्याने दात स्वच्छ होत नाहीत आणि तोंडाचा कॅन्सर होतो. आधीची सवय असेल तर डॉक्टरशी बोला, पण दात घासायला म्हणून देऊ नका.

ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस फाकले तर आधीच, आणि आजारपणातून उठल्यावरही. आपल्याकडे पावसात काहीच वाळत नाही, टोपण लावून ठेवलेला ब्रश आतून काळा पडतो, म्हणून धुऊन, झटकून, उभा, उघडा, खिडकीजवळ ठेवायचा, बाकीच्यांच्या ब्रशला चिकटून नको. आईसाठी मी दोन ठेवलेत, एक सकाळचा, एक रात्रीचा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो, आणि दांडीवर मार्करने आणल्याची तारीख टाकलेली असते.