जिरा या कामांचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डन’ झालेली कामं ‘अनरिझॉल्व्ड’ दिसत होती, त्यावरचा उपाय

कामाचं कार्ड बोर्डाच्या शेवटच्या ‘डन’ रकान्यात, तरी ‘क्रिएटेड व्हर्सेस रिझॉल्व्ड’ (किती कामं आली, किती मिटली) रिपोर्टमध्ये काम बाकीच! टेस्टर म्हणणार झालं, मॅनेजर विचारणार कधी होणार.

गोम अशी, की हा रिपोर्ट स्टेटस बघत नाही, रेझोल्यूशन (काम कसं मिटलं याची नोंद) हे फील्ड बघतो. आमच्या वर्कफ्लोत (कामाच्या टप्प्यांच्या आराखड्यात) ‘डन’कडे नेणारं ट्रान्झिशन, म्हणजे एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाण्याची पायरी, ते फील्ड भरतच नव्हतं. प्रोजेक्ट कंपनी-मॅनेज्ड (वर्कफ्लो जिराचे अॅडमिन सांभाळतात असा) होता, म्हणून त्या ट्रान्झिशनला पोस्ट फंक्शन (ट्रान्झिशनबरोबर आपोआप होणारी कृती) जोडलं: रेझोल्यूशन ‘डन’ करा. काम परत उघडणाऱ्या ‘रीओपन’ ट्रान्झिशनला उलटं, फील्ड रिकामं करा. हे दुसरं लोक हमखास विसरतात आणि परत उघडलेला बग मिटलेला दिसत राहतो. वर्कफ्लोतले बदल पब्लिश केल्याशिवाय यातलं काहीच लागू होत नाही.

जुन्या टिकिटांसाठी (जिरातल्या कामांच्या नोंदींसाठी) ‘डन’मधून ‘डन’मध्येच जाणारं तात्पुरतं ट्रान्झिशन केलं, त्यालाही तेच पोस्ट फंक्शन. ‘डन’मधली, पण रेझोल्यूशन रिकामं असलेली टिकिटं शोधून बल्क चेंजने (अनेक टिकिटं एकदम बदलण्याच्या सोयीने) त्यातून फिरवली आणि ट्रान्झिशन उडवून टाकलं. मेल पाठवण्याची टिक मात्र आधी काढा, नाहीतर अख्खी टीम वैतागेल.

आणि ‘अनरिझॉल्व्ड’ नावाचं वेगळं रेझोल्यूशन कुणी बनवू नका. त्या फील्डमध्ये काहीही भरलेलं असलं, की जिराच्या लेखी काम मिटलं.