फरकाला नऊने भाग जातो का बघ

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठीच्या उमेदवारीच्या, दुसऱ्या महिन्यात एका किराणा व्यापाऱ्याचं बँक रिकन्सिलिएशन माझ्याकडे आलं, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि त्याच्या हिशेबातल्या नोंदी ताडून बघायचं काम. वर्षभराच्या नोंदी, आणि शेवटी फरक राहिला २७० रुपयांचा. दुपारभर स्टेटमेंट वरून खाली वाचत बसले. सापडेना. ऑफिसातल्या सीनियर ताईंना म्हटलं, "एवढासाच फरक आहे, सस्पेन्सला टाकू का?" (सस्पेन्स म्हणजे न जुळलेली रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं.) त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. "आधी नऊने भाग जातो का बघ."

गेला. बरोबर ३०. "मग अंक उलटे पडलेत," त्या म्हणाल्या. "शतक आणि दशकाच्या जागचे. आणि त्या दोन अंकांमधला फरक तीनचा असणार. तेवढ्याच रकमा बघ." दहा मिनिटांत सापडलं. चेक ८,७४० चा होता, टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ८,४७० पडले होते. त्या नोंदीवर दुपारी मीच पेन्सिलने टिक मारली होती.

ती टिक मला फार लागली. मी बघितलं नव्हतं असं नाही. सुरुवातीचा आठ आणि शेवटचं शून्य जुळलं, मधलं डोळ्यांनी आपोआप भरून घेतलं. नव्याने कामाला लागलेल्यांना सगळे सांगतात, "नीट लक्ष दे." पण लक्ष कुठे द्यायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे. रक्कम ताडताना एकेक अंक उजवीकडून डावीकडे वाचा. शेजारी कोणी असेल तर एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने टिक मारावी. फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल किंवा एखादं शून्य जास्तीचं असण्याची शक्यता मोठी. नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधा, कारण जमेची रक्कम नावे बाजूला पडली की फरक दुप्पट होतो. आणि फरक लहान म्हणून सोडू नका. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन वर २७० उरलेले असू शकतात.

ही चूक ऑफिसातच निस्तरली. पुढची बाहेर गेली.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. आमच्या एका वर्कशॉपवाल्या क्लायंटच्या पार्टीची, म्हणजे त्यांच्याकडून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाची, दोन राज्यांत नोंदणी होती, महाराष्ट्राची २७ ने सुरू होणारी आणि गुजरातची २४ ने. पॅन एकच, त्यामुळे दोन्ही नंबर बघताक्षणी सारखेच वाटतात. माल मुंबईला गेला होता, मी जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमध्ये, गुजरातचा नंबर टाकला. टायपिंग चुकलं असतं तर शेवटच्या चेक डिजिटमुळे, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून ठरणाऱ्या ताळ्याच्या अक्षरामुळे, पोर्टलने बहुधा पकडलं असतं. पण हा नंबर खराच होता. पोर्टलने मुकाट घेतला.

खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेणाऱ्याला जीएसटीआर-२बी या यादीत दिसते. मुंबईच्या २बी मध्ये बिल दिसेना, तेव्हा पार्टीने कराचे पैसे अडवले. वर्कशॉपवाल्या काकांचा सरांना फोन आला, "माझे अठरा टक्के अडकलेत, आणि पोरांचा पगार करायचाय." मी शेजारीच बसले होते. तोवर माझ्या लेखी तो नंबर म्हणजे एक रकाना होता.

दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्येच करता आली. तेव्हापासून मी प्रत्येक बिलावर तीन गोष्टी एकत्र बघते: नंबराचे पहिले दोन अंक, माल गेला तो पत्ता, आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात) लागलाय की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात). तिन्हींचा मेळ बसला नाही तर हात थांबतो. रिटर्नही ११ तारखेच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळवर ठेवत नाही, कारण त्या घाईत हा मेळ कोणीच बघत नाही.

१४ तारखेला मुंबईच्या २बी मध्ये बिल दिसलं तेव्हा काकांना मीच फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीची बिलं बघितलीत ना?"

बघितली होती. सगळी बेचाळीस, पहिल्यापासून.