बाळंतविड्यातलं टोपडं, क्रोशानं

निफाडचा पारा खाली आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशकात लोकरीची आठवण होते. पण बारशाला किंवा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला टोपडी द्यायची असतील, तर दिवाळीआधीच सुई हातात घ्यावी. एक टोपडं दोन-तीन तासांचं काम आहे. बिघडतं ते बहुतेक वेळा टाळूपाशी.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंमी असतो. टोपडं ताणलं जातं, म्हणून ३० सेंमीचं विणायचं. मध्यम जाडीची मऊ बेबी लोकर अंदाजे ३० ग्रॅम आणि ४ मिमीची सुई पुरते. मेन रोड, रविवार कारंजा भागात लोकर घेताना सगळ्या गुंड्यांच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे ना, ते बघा. वेगळ्या लॉटचा फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात कळतो. केस सुटणारी लोकर बाळाला नको, ती नाकातोंडात जाते.

आधी नमुना विणा: १६ खांबांत (खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका) १० सेंमी आले पाहिजेत. कमी भरले तर हात घट्ट आहे, सुई अर्ध्या मिमीने मोठी घ्या. जास्त भरले तर बारीक. हा कंटाळा केला की टोपडं बाहुलीला तरी होतं नाहीतर आजोबांना.

४ साखळ्यांचं कडं जोडा. ३ साखळ्या घाला (हा पहिला खांब) आणि कड्यात ११ खांब घ्या, म्हणजे १२ झाले. प्रत्येक ओळ सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला जोडायची आणि पुढची पुन्हा ३ साखळ्यांनी सुरू करायची. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन: २४. तिसरीत एकावर एक, पुढच्यावर दोन: ३६. चौथीत दोन खांबांवर एकेक, तिसऱ्यावर दोन: ४८. चकती आता साडेनऊ सेंमीच्या आसपास हवी. इथून वाढ बंद. ४८ खांबांच्याच ८ ओळी, शेवटी मुक्या खांबांच्या (वेढा न घेता घातलेला बुटका टाका) २ ओळी. उंची १४-१५ सेंमी होते, कड थोडी दुमडता येते.

चकतीला झालर येत असेल तर वाढ जास्त झाली आहे. वाटीसारखी उचलत असेल तर वाढ राहिली आहे किंवा हात आवळला आहे. खांब दर ओळीला एकेक घटत असतील तर बहुतेक वेळा ओळीच्या जोडापाशी एक खांब घ्यायचा राहिलेला असतो. ओळ संपली की मोजा. पुढच्या ओळीत भरून काढू म्हणू नका, उसवा.

सहा महिन्यांच्या बाळाला पाचवी वाढीची ओळ घ्या: तीन खांबांवर एकेक, चौथ्यावर दोन, एकूण ६०. कमी दिवसांच्या बाळासाठी ३६ वरच थांबा आणि उंची १० सेंमी ठेवा.

सुरुवातीचा आणि शेवटचा दोरा बोथट सुईने किमान ५ सेंमी आत, एकदा पुढे एकदा मागे, असा ओवा. नुसती गाठ धुतल्यावर सुटते आणि बाळाच्या कपाळाला टोचते. मणी, बटणं, बंद, गोंडा, काही नको: निघालं की थेट तोंडात, आणि बंद गळ्याशी येतो. गोंड्याची हौस मोठ्यांच्या टोप्यांवर भागवा.

रुग्णालयात द्यायची असल्यास आधी कक्षातल्या सिस्टरांना विचारा: घेतात का, कुठल्या मापाची हवीत, उकळत्या पाण्यातून काढतात का. काढत असतील तर लोकर बाद. सुती दोऱ्याने विणा. अ‍ॅक्रिलिकची कृत्रिम लोकर उकळली की आकार सोडते आणि खरी लोकर आटते. सुती दोऱ्याचा ताण कमी, म्हणून नमुना पुन्हा तपासा. गडद लाल, मरून रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा.

देण्याआधी सौम्य साबणाने धुऊन, वाटीवर पालथं घालून सावलीत वाळवा. इस्त्री फिरवू नका. सोबत चिठ्ठी ठेवा: दोरा कशाचा, धुवायचं कसं, आणि घरी बाळ झोपवताना टोपडं काढून ठेवायचं, कारण डोकं झाकलेलं असलं की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.